रुग्णसेवेला प्रतिष्ठा मिळवून देणाऱ्या रमाबाई रानडे

आजारी माणसाची विचारपूस करणे, त्याला आधार देणे हे पुण्यकर्म आहे, असे सर्वच धर्म सांगतात. इस्लाममध्ये तर आजारी माणसाच्या भेटीस जाणे हा एका मुसलमानाचा दुसऱ्या मुसलमानावरील हक्कच मानला आहे. शेजारी कोणी आजारी पडले की आपल्या आयाबहिणी धावून जातात, रात्र रात्र जागतात, आणि त्यांचे सर्वत्र कौतुक होते. परंतु हेच काम घरातील एखादी मुलगी रीतसर शिकून, परीक्षा देऊन, नोकरी म्हणून करू लागली की तेच लोक नाके मुरडतात. फुकट केली तर सेवा आणि शिकून केली तर कमीपणा, हा कोणता न्याय?

हा प्रश्न आजचा नाही. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी पुण्यासारख्या शहरात एका थोर स्त्रीपुढे तो उभा राहिला होता. तिने त्याच्यावर नुसती व्याख्याने दिली नाहीत. आपले घर, आपले नाव आणि आपले उरलेले आयुष्य त्यासाठी खर्ची घातले. आज मोठ्या रुग्णालयांच्या अतिदक्षता विभागात मृत्यूच्या दारातून रुग्णाला परत आणणाऱ्या उच्चशिक्षित परिचारिका आपण पाहतो. महाराष्ट्रातील घरंदाज स्त्रियांसाठी त्या क्षेत्राचा दरवाजा उघडणाऱ्यांत जिचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल, ती स्त्री म्हणजे रमाबाई रानडे. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या पत्नी म्हणून त्या सर्वांना ठाऊक आहेत. दूरचित्रवाणी मालिकेमुळे त्यांचे बालपण व संसार घरोघरी पोहोचला. परंतु रुग्णसेवेच्या क्षेत्रातील त्यांचे काम आपल्या विद्यार्थ्यांना फारसे माहीत नसते. म्हणून हा अल्प परिचय.

माहेर आणि सासर

रमाबाईंचा जन्म २५ जानेवारी १८६२ रोजी देवराष्ट्रे या गावी झाला. हे गाव आज सांगली जिल्ह्यात आहे. महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांचा जन्मही याच गावचा. रमाबाईंचे माहेरचे आडनाव कुर्लेकर आणि नाव यमुना. मुलींना लिहावयास-वाचावयास शिकविणे हे त्या काळी बहुतेक घरांत निषिद्ध मानले जाई. कुर्लेकरांचे घरही त्याला अपवाद नव्हते. त्यामुळे लग्न होईपर्यंत यमुनेला अक्षरओळखही झाली नाही.

१८७३ साली वयाच्या अकराव्या वर्षी तिचे लग्न झाले. वर महादेवराव रानडे एकतीस वर्षांचे. त्यांची पहिली पत्नी त्याच वर्षी वारली होती. रानडे हे विधवाविवाहाचे पुरस्कर्ते. स्वतःवर वेळ आली तर विधवेशीच विवाह करावा, अशी लोकांची त्यांच्याकडून अपेक्षा होती. परंतु वडिलांच्या आग्रहापुढे ते नमले आणि त्याबद्दल समाजात त्यांच्यावर कठोर टीकाही झाली. तथापि एक गोष्ट त्यांनी तत्काळ हाती घेतली. सासरी आलेल्या या लहान मुलीला त्यांनी स्वतः पाटीपेन्सिल घेऊन मुळाक्षरे शिकविण्यास आरंभ केला. दिवसभर घरकाम आणि रात्री अभ्यास, असा रमाबाईंचा क्रम सुरू झाला.

घरातील शाळा आणि घरातील विरोध

रानड्यांच्या पुण्यातील एकत्र कुटुंबात वडीलधाऱ्या बायका पुष्कळ होत्या. सुनेने वाचावे हेच त्यांना पटत नव्हते. मग इंग्रजी शिकणे तर दूरच. टोमणे, अबोला, कामाचा भार, सगळे काही रमाबाईंनी सोसले. त्यांना इंग्रजी शिकविण्यास एक युरोपीय बाई येऊ लागल्या. त्यांच्याजवळ बसून उठल्यावर विटाळ झाला म्हणून रमाबाईंना स्नान करावे लागे, मगच घरात शिवाशिव चाले. माणसाच्या स्पर्शाने माणूस बाटतो, ही कल्पना त्यांनी अशी स्वतःच्या अंगावर अनुभवली. पुढे ज्या कामात परक्या माणसाला हात लावल्यावाचून गत्यंतर नाही, अशा कामासाठी त्या उभ्या राहिल्या, तेव्हा हा अनुभव त्यांच्या पाठीशी होता.

एक गोष्ट विद्यार्थिनींनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. या सर्व छळात रमाबाईंनी उलट उत्तर दिले नाही, आणि अभ्यासही सोडला नाही. १८७८ च्या सुमारास रानड्यांची बदली नाशिकला आणि पुढे धुळ्याला झाली, तेव्हा त्यांना थोडा मोकळेपणा मिळाला. नाशिक येथे शाळेच्या कार्यक्रमात त्या प्रथमच चारचौघांत बोलल्या. १८८४ साली पुण्यात मुलींसाठी हायस्कूल व्हावे म्हणून मुंबईचे गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांच्यासमोर सभा भरली; त्या सभेत बावीस वर्षांच्या रमाबाईंनी इंग्रजीतून निवेदन वाचून दाखविले. त्याच वर्षी पुण्यात मुलींचे हायस्कूल सुरू झाले. ज्या मुलीला अकराव्या वर्षी स्वतःचे नाव लिहिता येत नव्हते, तिची ही अकरा वर्षांची कमाई होती.

याच काळात आपल्या ठाणे जिल्ह्यातील कल्याणची एक मुलगीही इतिहास घडवीत होती. १८६५ साली कल्याणला जन्मलेल्या आनंदीबाई जोशी १८८६ साली अमेरिकेत पेनसिल्व्हेनियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाल्या. परंतु परत येऊन काम सुरू करण्यापूर्वीच, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, त्यांचे पुण्यात निधन झाले. स्त्री रुग्णांना स्त्रीच्याच हातून उपचार मिळावेत, ही त्या पिढीची मोठी तळमळ होती. पुरुष डॉक्टरला नाडी दाखविण्यापेक्षा मरण पत्करणाऱ्या स्त्रिया हिंदू घरांत होत्या, तशाच आपल्या पडदानशीन घरांतही होत्या. त्यासाठीच १८८५ साली लेडी डफरिन फंड निघाला आणि १८८६ साली मुंबईत पेस्तनजी कामा यांच्या देणगीतून स्त्रियांचे कामा रुग्णालय उघडले. इमारती उभ्या राहिल्या, काही डॉक्टर स्त्रियाही मिळाल्या; परंतु रुग्णाजवळ चोवीस तास राहणाऱ्या शिकलेल्या हिंदी परिचारिका फार थोड्या होत्या. ज्या होत्या त्या बहुतांशी युरोपीय, अँग्लो-इंडियन किंवा हिंदी ख्रिस्ती समाजातील. हिंदू व मुसलमान घरांतून या कामाला मुली येत नसत.

दुःखातून सेवेकडे

१८९३ साली रानडे मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. पुढे त्यांना हृदयविकाराने गाठले. अखेरच्या दुखण्यात रमाबाई त्यांच्याजवळ होत्या. या दिवसांचे वर्णन त्यांनी आपल्या ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ या पुस्तकाच्या शेवटी केले आहे. मराठीतील उत्तम आत्मचरित्रांत त्या पुस्तकाची गणना होते. १६ जानेवारी १९०१ रोजी रानडे यांचे निधन झाले. त्या काळी हृदयविकाराच्या झटक्यावर वैद्यकशास्त्राजवळ फारसा इलाज नव्हता. हृदयाची गती क्षणोक्षणी दाखविणारे यंत्र नव्हते, रक्तवाहिनीतील गुठळी विरघळविणारे औषध नव्हते, थांबलेले हृदय पुन्हा सुरू करण्याचे साधन नव्हते. घरच्या माणसांची माया होती. परंतु माया हा उपचार नव्हे.

रमाबाई त्या वेळी अडतीस वर्षांच्या होत्या. वैधव्यानंतर त्या पुण्याच्या घरी परतल्या आणि वर्षभर त्यांनी स्वतःला कोंडून घेतल्यासारखे घालविले. त्या काळच्या विधवेसाठी समाजाने तेवढेच आयुष्य ठरवून दिले होते. परंतु वर्षानंतर त्या घराबाहेर पडल्या, त्या कोठे गेल्या? त्या येरवड्याच्या तुरुंगात स्त्री कैद्यांना भेटू लागल्या. बालगुन्हेगार मुलांच्या शाळेत जाऊ लागल्या. आणि रुग्णालयांत जाऊन फळे, फुले, पुस्तके घेऊन रुग्णांजवळ बसू लागल्या. ज्यांच्याजवळ बसायला कोणी नाही अशांजवळ बसणे, हे त्यांनी स्वतःचे काम ठरविले.

पुण्यातील ससून रुग्णालय १८६७ साली सुरू झाले. त्याच्या उभारणीस डेव्हिड ससून या बगदादहून मुंबईस आलेल्या ज्यू व्यापाऱ्याने मोठी देणगी दिली होती. अशा रुग्णालयांतून खाटा होत्या, औषधे होती, डॉक्टर होते. पण रुग्णाच्या भाषेत त्याच्याशी बोलणारी, त्याचे दुखणे हेरणारी शिकलेली स्त्री क्वचितच होती. तिकडे पुण्याच्या वाड्यावाड्यांतून तरुण विधवा मागील दारी राबत होत्या. त्यांच्या हातांना काम होते, पण मान नव्हता. पोटाला अन्न होते, पण ते उपकाराचे. एकीकडे माणसांवाचून अडलेले काम आणि दुसरीकडे कामावाचून वाया जाणारी माणसे. या दोहोंची गाठ घालून देणे हेच रमाबाईंच्या पुढील कार्याचे मर्म होय.

सेवासदन

१९०८ साली मुंबईत पारशी सुधारक बेहरामजी मलबारी आणि सिंधी न्यायाधीश दयाराम गिडुमल यांच्या पुढाकाराने सेवासदन ही संस्था निघाली. रमाबाई तिच्या अध्यक्षा झाल्या. पुढच्याच वर्षी, १९०९ साली, पुण्यात स्वतःच्या घरात त्यांनी सेवासदनाचे काम सुरू केले. भारत सेवक समाजाचे गोपाळ कृष्ण देवधर हे त्यांचे प्रमुख सहकारी होते. जातिधर्माचा भेद न मानता स्त्रियांनी स्त्रियांची सेवा करावी आणि त्यासाठी शिकावे, हा संस्थेचा हेतू होता. प्रौढ स्त्रियांसाठी लेखन-वाचनाचे वर्ग, शिवण, हस्तकला, संगीत, प्रथमोपचार, आणि पुढे शिक्षिकांचे प्रशिक्षण असे एकेक काम वाढत गेले. वाचकांच्या लक्षात येईल की एका हिंदू स्त्रीच्या या कार्यात पारशी, सिंधी, ज्यू अशा अनेक समाजांचे हात लागले होते. शिक्षणसंस्था अशाच उभ्या राहतात. आपली संस्थाही याला अपवाद नाही.

१९११ साली सेवासदनाने ससून रुग्णालयाच्या साहाय्याने परिचारिकांच्या प्रशिक्षणाचे काम हाती घेतले. हे पाऊल सर्वांत अवघड होते. शिवण शिकविण्यास कोणाची हरकत नव्हती. कारण शिवण घरात बसून होते. परंतु परिचारिका व्हायचे म्हणजे घर सोडून रुग्णालयात राहायचे. कोणत्याही जातीच्या रुग्णाला उचलायचे, त्याच्या जखमा धुवायच्या, त्याचे मलमूत्र काढायचे. रात्रपाळी करायची. पुरुष डॉक्टरांच्या हाताखाली काम करायचे. सोवळ्याओवळ्यात वाढलेल्या, केशवपन झालेल्या विधवेने हे करावे, ही कल्पनाच पुष्कळांना असह्य वाटली. विधवा बिघडतील, घराण्याची अब्रू जाईल, असा ओरडा झाला.

रमाबाईंनी या ओरड्याला वादविवादाने उत्तर दिले नाही. विरोध करणाऱ्या नातेवाइकांच्या भीतीत काही खरे आहे का, हे त्यांनी पाहिले असावे, असे त्यांच्या कामाच्या पद्धतीवरून वाटते. मुली राहणार कोठे, ही पालकांची पहिली काळजी. तेव्हा संस्थेने वसतिगृहाची सोय केली. शिक्षण खरे की नावापुरते, ही दुसरी. तेव्हा ते ससूनसारख्या मोठ्या रुग्णालयाशी जोडले. आणि या मुलींच्या पाठीशी कोण उभे आहे, ही सर्वांत मोठी काळजी. तेव्हा न्यायमूर्ती रानड्यांची विधवा पत्नी स्वतः त्यांच्या पाठीशी उभी राहिली. रानडे हे नाव त्या काळी महाराष्ट्रात किती मोठे होते, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना यातील धोका समजेल. संस्थेतील एका मुलीबद्दल जरी कुजबुज झाली असती, तरी ती या नावाला चिकटली असती. रमाबाईंनी तो धोका जाणून पत्करला.

बक्षीस समारंभातील प्रसंग

त्यांच्या चरित्रात एक प्रसंग सांगितला जातो. एका वार्षिक बक्षीस समारंभात यशस्वी विद्यार्थिनींना बक्षिसे दिली जात होती. एक विधवा आपले बक्षीस घेण्यास पुढे आली. सभागृहात वर बसलेल्या तरुण विद्यार्थ्यांनी तिची टर उडविण्यास सुरुवात केली. एरवी शांत असणाऱ्या रमाबाई त्या दिवशी संतापल्या. समारोपाला उठून त्यांनी त्या तरुणांना खडसावले. जुलमी रूढीने गांजलेल्या स्त्रीबद्दल ज्यांना सहानुभूती वाटत नाही त्यांना सुशिक्षित कसे म्हणावे, असे त्यांनी विचारले. तुमच्यापैकी कोणाच्या घरी विधवा बहीण किंवा नातलग नाही, असाही सवाल त्यांनी केला. सभागृह शांत झाले.

हा प्रसंग छोटा असला तरी त्यात एक मोठे तत्त्व आहे. ज्ञान मिळविलेल्या स्त्रीला चारचौघांत मान मिळाला पाहिजे, आणि तो मिळत नसेल तर वडीलधाऱ्यांनी तेथल्या तेथे उभे राहून तो मिळवून दिला पाहिजे. खाजगीत शाबासकी देणारे पुष्कळ असतात. भर सभेत पाठीशी उभे राहणारे थोडे.

सेवासदन वाढत गेले. इतर गावीही त्याच्या शाखा निघाल्या. आळंदीच्या यात्रेत स्त्री वारकऱ्यांच्या मदतीसाठी रमाबाई स्वयंसेविकांना घेऊन जात. १९१३ साली गुजरात व काठेवाडात दुष्काळ पडला तेव्हा मदतकार्यासाठी त्या तिकडे गेल्या. मुलींना सक्तीचे प्राथमिक शिक्षण मिळावे आणि स्त्रियांना मताचा अधिकार मिळावा, या चळवळींतही त्या पुढे होत्या. १९२४ साली त्यांचे निधन झाले. त्यांच्या जन्मशताब्दीस, १९६२ साली, भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले. पुण्याचे सेवासदन आजही उभे आहे.

आपल्या परंपरेतील आदर्श

येथे कोणी म्हणेल, हे सारे हिंदू समाजातील विधवांचे झाले. त्याचा आपल्याशी काय संबंध? परंतु रुग्णसेवा ही आपल्याला परकी नाही. हजरत मुहम्मद पैगंबर (स.अ.) यांच्या काळी हजरत रुफैदा अल-अस्लमिया (र.अ.) या जखमींची शुश्रूषा करीत. हिजरी सन ५ मध्ये, म्हणजे इ.स. ६२७ साली, खंदकाच्या लढाईत हजरत सअद बिन मुआज (र.अ.) जखमी झाले. तेव्हा मदिनेच्या मशिदीच्या आवारातील रुफैदांच्या तंबूत त्यांना ठेवण्यात आले होते. हजरत उम्मे अतिय्या (र.अ.) यांनीही अनेक मोहिमांत जखमींची सेवा केली. ज्या मशिदीच्या आवारात स्त्रीच्या हातचा हा शुश्रूषेचा तंबू उभा राहिला, त्या मशिदीचे नाव आपण आदराने घेतो. मग आपल्याच मुलीने पांढरा कोट घातला तर आपली मान खाली का जावी?

जगाचा इतिहासही तेच सांगतो. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५४ मध्ये तुर्कस्तानात इस्तंबूलजवळील स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात काम केले आणि १८६० साली लंडनला परिचारिकांची शाळा काढली. त्यांच्याही श्रीमंत घराण्याने या कामाला प्रथम कडाडून विरोध केला होता. म्हणजे लंडन असो वा पुणे, विरोध सगळीकडे सारखाच होता. आणि तो हटला तो शिक्षणामुळेच.

आजची परिचारिका

रमाबाईंच्या काळची परिचारिका आणि आजची परिचारिका यांत जमीन-अस्मानाचा फरक पडला आहे. १९४७ सालच्या कायद्याने भारतीय परिचर्या परिषद स्थापन झाली आणि देशभर शिक्षणाचा एक दर्जा ठरला. आज बारावीनंतर तीन वर्षांचा जी.एन.एम. हा पदविका अभ्यासक्रम करता येतो. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र व इंग्रजी घेऊन उत्तीर्ण झालेल्यांना चार वर्षांची बी.एस्सी. नर्सिंग ही पदवी घेता येते. त्यापुढे पदव्युत्तर शिक्षण आहे. मुलींप्रमाणे मुलांनाही हे क्षेत्र खुले आहे.

यातील सर्वांत नवे पाऊल म्हणजे नर्स प्रॅक्टिशनर. १९६५ साली अमेरिकेत कोलोरॅडो विद्यापीठात लोरेटा फोर्ड या परिचारिका आणि हेन्री सिल्व्हर हे बालरोगतज्ज्ञ यांनी मिळून हा अभ्यासक्रम प्रथम सुरू केला. परिचारिकेने केवळ सांगितलेले काम न करता रुग्णाची तपासणी करावी, निदानात भाग घ्यावा आणि उपचाराची जबाबदारी उचलावी, ही त्यामागील कल्पना. पुढे अमेरिकेत अत्यवस्थ रुग्णांसाठी या कामाची स्वतंत्र शाखाच निर्माण झाली. आपल्याकडे भारतीय परिचर्या परिषदेने गेल्या दशकात अतिदक्षता उपचारांसाठी दोन वर्षांचा नर्स प्रॅक्टिशनर हा पदव्युत्तर निवासी अभ्यासक्रम आखला. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणातही अशा परिचारिकांचा उल्लेख आहे. बी.एस्सी. नर्सिंग झालेल्या, नोंदणीकृत आणि किमान एक वर्ष प्रत्यक्ष काम केलेल्या परिचारिकेला त्यात प्रवेश घेता येतो. यातील जवळजवळ ऐंशी टक्के शिक्षण वर्गात नव्हे, तर रुग्णाच्या खाटेजवळ होते.

या परिचारिकेचे काम काय असते? अतिदक्षता विभागातील रुग्णाला पुष्कळदा बोलता येत नाही. त्याचा रक्तदाब, नाडी, श्वास, लघवीचे प्रमाण, रक्तातील प्राणवायू हीच त्याची भाषा. ती भाषा वाचणारी व्यक्ती चोवीस तास जवळ असावी लागते. डॉक्टर फेरी मारून जातात. परिचारिका तेथेच असते. जंतुसंसर्ग रक्तात पसरू लागला की रुग्ण एकाएकी कोसळण्यापूर्वी बारीकसारीक खुणा दिसतात. श्वास वाढतो, रुग्ण गोंधळल्यासारखा वागतो, रक्तदाब हळूहळू उतरतो. या खुणा वेळेवर ओळखल्या तर प्राण वाचतो, काही तास उशीर झाला तर हातचा जातो. कृत्रिम श्वासाचे यंत्र कसे जुळवावे, रक्ताच्या तपासणीतील आकड्यांचा अर्थ काय, बंद पडलेल्या हृदयाला छातीवर दाब देऊन कसे चालू करावे, नातेवाइकांना वाईट बातमी कोणत्या शब्दांत सांगावी, हे सारे तिला शिकावे लागते. ठरवून दिलेल्या कार्यपद्धतीनुसार आणि डॉक्टरांच्या सहकार्याने ती उपचारांत बदलही करते. हे काम अक्कलहुशारीचे आहे, धैर्याचे आहे आणि ममतेचेही आहे. १९०१ साली न्यायमूर्ती रानड्यांच्या उशाशी केवळ माया होती. आज मायेच्या जोडीला विद्या आली आहे.

कोरोनाच्या साथीत, २०२० व २०२१ साली, हे सर्व जगाने पाहिले. घरच्या माणसांना रुग्णाजवळ जाण्याची बंदी होती. त्या दिवसांत अनेकांच्या आई-वडिलांच्या हातात शेवटचा हात होता तो परिचारिकेचा. कोणाची जात, कोणाचा धर्म, हे त्या वेळी कोणी विचारले नाही.

पालकांना विनंती

दहावी-बारावीच्या निकालानंतर पालक आम्हा शिक्षकांचा सल्ला घेण्यास येतात. मुलीला विज्ञानाची आवड असते, गुणही बरे असतात. डॉक्टरकीचा खर्च झेपणारा नसतो. नर्सिंगचे नाव काढले की मात्र क्षणभर शांतता पसरते. रात्रपाळीचे काय, परपुरुषाला हात लावावा लागेल त्याचे काय, लग्नाचे काय, असे प्रश्न येतात. हे प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखे नाहीत. रमाबाईंनीही ते हसण्यावारी नेले नव्हते. त्यांनी एकेका प्रश्नाचे उत्तर उभे केले होते. आपणही तसेच करावे. महाविद्यालय मान्यताप्राप्त आहे का, वसतिगृह कसे आहे, प्रत्यक्ष शिक्षणासाठी संलग्न रुग्णालय किती मोठे आहे, हे पालकांनी स्वतः जाऊन पाहावे. मुलीला एकटीला पाठवून देऊ नये आणि केवळ ऐकीव गोष्टींवरून नकारही देऊ नये.

आणखी एक विचार करावा. आपल्या घरातील एखादी आई किंवा बहीण उद्या अतिदक्षता विभागात असेल, तेव्हा तिच्या अंगावरील चादर सारखी करणारा हात स्त्रीचा असावा, तिला आपली बोली समजावी, तिच्या लज्जेची कोणी काळजी घ्यावी, असे आपल्याला वाटेल. ती परिचारिका कोणाच्या तरी घरातूनच यायची आहे. प्रत्येकाला आपल्या रुग्णासाठी परिचारिका हवी, पण आपली मुलगी परिचारिका नको, असे म्हटले तर हिशेब जुळणार कसा?

वर्तकनगरच्या वसाहतींतून, पोखरण रोडच्या कारखान्यांत एके काळी घाम गाळलेल्या आणि छोटे व्यवसाय करून मुलांना शिकविणाऱ्या कुटुंबांतून आज मुली पदवीपर्यंत पोहोचल्या आहेत. ठाणे, कळवा, कल्याण, डोंबिवली या परिसरात रुग्णालये वाढत आहेत आणि त्यांना शिकलेल्या माणसांची गरज आहे. विद्यार्थिनींनो, अकराव्या वर्षी पाटी हाती धरणारी एक मुलगी पुढे शेकडो स्त्रियांच्या हाती विद्या देऊ शकली. तुमच्या हाती पाटी तर पहिलीपासूनच आहे. आणि पालकहो, एखाद्या वर्षी आपल्या संस्थेच्या बक्षीस समारंभात नर्सिंगची पदवी मिळविलेली माजी विद्यार्थिनी व्यासपीठावर येईल, तेव्हा सर्वांत आधी टाळ्या तुमच्या रांगेतून याव्यात, इन्शाअल्लाह. रमाबाईंना याहून मोठी आदरांजली दुसरी कोणती असणार?